निरोप सायक्लिक एएमपीनेच पोहोचवला का? पुराव्याची पायरी पायरीने जुळणी

संप्रेरक पेशीपटलावरच्या रिसेप्टरला चिकटतं, त्याला जोडलेलं जी प्रथिन जागं होतं, ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम चालू होतं, ते एटीपीपासून बनवतं ते सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला निरोप्या रेणू, वाढतं, आणि पीकेए हे प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम कामाला लागतं. बी.एस्सी.च्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, ही बाणांची माळ तो घडाघडा म्हणून दाखवेल. पंचाईत पुढे होते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हातात एखादी पेशी येते, तिच्यावर संप्रेरक किंवा वनस्पतीचा अर्क टाकला की काहीतरी घडतं, आणि गाइड विचारतात, "हे सायक्लिक एएमपीमुळे होतंय कशावरून?" तिथे पाठांतर उपयोगाचं नसतं.

हा लेख त्या 'कशावरून'चं उत्तर कसं जुळवायचं याबद्दल आहे. प्रयोग करणार असाल तर थेट उपयोगी पडेल. नेट-गेटची तयारी करत असाल तरी वाचा, कारण या विषयावरचे अवघड प्रश्न बहुतेक वेळा अशा प्रयोगांच्या निकालांवरच बेतलेले असतात.

सुरुवात चार कसोट्यांपासून

सायक्लिक एएमपी शोधणारे अर्ल सदरलँड आणि त्यांचे सहकारी यांनीच पुढे एक शिस्त घालून दिली. एखाद्या संप्रेरकाचं काम सायक्लिक एएमपीमार्फत होतं असं म्हणायचं, तर चार गोष्टी दाखवा. एक, फोडलेल्या पेशींतलं ॲडेनिलिल सायक्लेज त्या संप्रेरकाने चालू झालं पाहिजे. दोन, अखंड पेशीत सायक्लिक एएमपीची पातळी बदलली पाहिजे, आणि तीही पेशीचा प्रतिसाद दिसण्याआधी किंवा फार तर त्याच्याबरोबर. तीन, सायक्लिक एएमपी मोडणारं एन्झाइम रोखलं की संप्रेरकाचा परिणाम वाढला पाहिजे. चार, संप्रेरक न देता बाहेरून सायक्लिक एएमपी किंवा त्याचा एखादा भाऊबंद दिला तरी तोच परिणाम दिसला पाहिजे.

आज मी यांत तीन प्रश्नांची भर घालेन: निरोप वाचला कुणी, जी प्रथिन कोणतं होतं, आणि हे सगळं पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात घडलं. क्रम मात्र सदरलँडांचाच ठेवावा. पहिल्या दोन कसोट्या न लावता थेट महागड्या इन्हिबिटरकडे, म्हणजे एन्झाइम रोखणाऱ्या रसायनाकडे, धावणारे प्रकल्प पुढे अडकतात.

पायरी १: रिसेप्टर पक्का करा

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर पुढचं सगळं वाया. समजा तुम्ही ॲड्रेनालिन वापरताय. ते बीटा रिसेप्टरवर बसलं तर जीएस प्रथिनामार्फत सायक्लिक एएमपी वाढवतं. अल्फा-२ वर बसलं तर जीआयमार्फत ते कमी करतं. अल्फा-१ वर बसलं तर जीक्यूमार्फत कॅल्शियमचा रस्ता धरतं. म्हणजे रेणू एकच आणि निरोप तीन तऱ्हेचे. यकृताच्या पेशीत ग्लायकोजेन फुटलं म्हणून सायक्लिक एएमपीच वाढलं असणार, असं म्हणता येत नाही. ग्लायकोजेन फोडणाऱ्या फॉस्फोरिलेजला चालू करणारं फॉस्फोरिलेज कायनेज कॅल्शियमनेही चालू होतं.

म्हणून बीटाच चालू करणारं आयसोप्रोटेरेनॉल वापरा आणि जोडीला बीटा अडवणारं प्रोप्रॅनोलॉल देऊन परिणाम जातो का ते पाहा. अर्कावर काम करत असाल तर रिसेप्टर ठाऊक नसतो. तेव्हा ही पायरी मोकळी ठेवून पुढे जा, पण वहीत तशी नोंद करून ठेवा.

पायरी २: फोडलेल्या पेशींत पाहा

सायक्लिक एएमपीचा शोध मुळात इथेच लागला, त्यामुळे जरा थांबून तो प्रयोग समजून घेऊ.

१९५० च्या दशकात सदरलँड आणि थिओडोर रॉल क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात यकृतावर काम करत होते. ॲड्रेनालिन किंवा ग्लुकागॉन दिलं की यकृतातलं फॉस्फोरिलेज चालू होतं आणि ग्लायकोजेनपासून साखर सुटते, एवढं ठाऊक होतं. संप्रेरकं अखंड, जिवंत पेशीवरच काम करतात असा त्या काळी समज होता. या दोघांनी यकृताचा लगदा केला, त्यात एटीपी आणि मॅग्नेशियम घातलं, आणि लगद्यातही संप्रेरकाचा परिणाम दिसला. मग लगदा सेंट्रीफ्यूज करून साका आणि निवळ वेगळे केले. फॉस्फोरिलेज निवळीत होतं. पण नुसत्या निवळीवर संप्रेरक टाकलं तर काहीच होईना. साका परत मिसळला की परिणाम परत येई.

खरी करामत पुढची. त्यांनी संप्रेरक फक्त साक्याला दिलं, थोडा वेळ ठेवलं, मग ते मिश्रण उकळून त्यातली प्रथिनं निकामी केली आणि उरलेलं पाणी निवळीत घातलं. फॉस्फोरिलेज चालू झालं! म्हणजे साक्यातल्या पेशीपटलाच्या तुकड्यांवर संप्रेरकाने काहीतरी तयार करवलं होतं, आणि ते 'काहीतरी' उकळूनही टिकणारं, आकाराने लहान होतं.

ते काय, हे उलगडायला एका टपालाने मदत केली. सदरलँड यांनी या रेणूची ओळख पटवण्यासाठी जीवरसायनशास्त्रज्ञ लिऑन हेपेल यांना पत्र लिहिलं होतं. त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड लिपकिन यांनीही हेपेलना कळवलं होतं की बेरियम हायड्रॉक्साइडने एटीपी मोडल्यावर एक विचित्र न्यूक्लिओटाइड मिळतं. दोन्ही पत्रं एकाच टेबलावर आली आणि हेपेल यांच्या ध्यानात आलं की दोघं एकाच रेणूबद्दल बोलत आहेत. तो रेणू म्हणजे ॲडेनोसिनचा एकच फॉस्फेट साखरेच्या तीन आणि पाच क्रमांकांच्या कार्बनांना दोन्हीकडून जोडला जाऊन कडं झालेला: सायक्लिक एएमपी. १९७१ चं वैद्यकाचं नोबेल सदरलँड यांना एकट्याला मिळालं. रॉल यांचं नाव त्यात नाही, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

आता तुमच्या प्रयोगाकडे. पेशीपटलाचे तुकडे घेऊन त्यांत एटीपी, मॅग्नेशियम आणि संप्रेरक घाला, आणि *जीटीपी (एटीपीसारखाच, पण ग्वानोसिनचा रेणू) विसरू नका*. मार्टिन रॉडबेल यांना उंदराच्या यकृताच्या पेशीपटलांवर ग्लुकागॉनचं काम पाहताना हे कळलं. एटीपीच्या बाटलीत जीटीपीची भेसळ होती, आणि संप्रेरकाचा परिणाम त्या भेसळीमुळे दिसत होता. शुद्ध एटीपी वापरल्यावर परिणाम मावळला. जीटीपी घातल्यावर परतला. रिसेप्टर आणि सायक्लेज यांच्यामध्ये जीटीपी लागणारं आणखी कुणीतरी आहे, हा विचार तिथून पुढे गेला. आल्फ्रेड गिलमन यांच्या प्रयोगशाळेत ते 'कुणीतरी', म्हणजे जी प्रथिन, शुद्ध स्वरूपात हाती आलं. १९९४ चं नोबेल या दोघांना मिळालं. तुमच्या प्रयोगात संप्रेरकाने काहीच होत नसेल, तर संप्रेरकाच्या बाटलीवर संशय घेण्याआधी बफरमध्ये जीटीपी पडलंय का ते पाहा.

पायरी ३: अखंड पेशीत पातळी मोजा

सायक्लिक एएमपी काही सेकंदांत वाढतं, एक ते काही मिनिटांत शिखर गाठतं आणि बऱ्याचदा संप्रेरक तिथेच असूनही उतरायला लागतं. कारण एकीकडे फॉस्फोडायएस्टरेज ते मोडत असतं आणि दुसरीकडे रिसेप्टरलाही कायनेज (फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइमं) आणि अरेस्टिन नावाची प्रथिनं गप्प करत असतात. तासाभराने पेशी गोळा करून पातळी मोजाल तर कदाचित काहीच दिसणार नाही, आणि "सायक्लिक एएमपी वाढत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून पहिल्याच खेपेला वेळेचा आलेख काढा: शून्य, अर्धं मिनिट, एक, दोन, पाच, दहा आणि वीस मिनिटं. यांतली अर्ध्या मिनिटाची वाचनं घेताना हात भराभर चालवावे लागतात, सोबत कुणीतरी असलेलं बरं.

प्रतिक्रिया थांबवायला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड हा साधा, स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. आम्लाने पेशी फुटतात आणि फॉस्फोडायएस्टरेज निकामी होतं, पण सायक्लिक एएमपी टिकून राहतं. सदरलँडांनी उकळून जे साधलं तेच इथे आम्लाने साधतं. माध्यम आधी पूर्ण काढून मगच आम्ल घाला, कारण पेशी बरंच सायक्लिक एएमपी बाहेरही टाकतात. बाहेरचं मोजायचं असेल तर वेगळं मोजा.

भारतातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत मोजणीला एलायझा किट वापरतात. हे किट स्पर्धेच्या तत्त्वावर चालतं: नमुन्यातलं सायक्लिक एएमपी आणि किटमधलं खूण लावलेलं सायक्लिक एएमपी अँटिबॉडीवरच्या जागेसाठी भांडतात. त्यामुळे *रंग जितका गडद तितकं सायक्लिक एएमपी कमी*. नवख्या विद्यार्थ्यांचे आलेख उलटे येण्यामागे हेच कारण असतं. प्रमाणरेषेच्या दोन्ही टोकांवर विसंबू नका. वाचन मधल्या तिरप्या भागात पडेल इतकं नमुना पातळ करा. पातळी अगदीच कमी असेल तर बहुतेक किटांत नमुना ॲसिटिलेट करायची सोय असते, त्याने संवेदनशीलता वाढते. शेवटी आकडा प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे पिकोमोल असा द्या. नुसतं "तिप्पट वाढ" लिहिलं की मुळातली पातळी किती होती ते वाचणाऱ्याला कळत नाही.

परवडत असेल तर जिवंत पेशीतच मोजणारे सेन्सर वापरा. ग्लोसेन्सरमध्ये काजव्याच्या ल्युसिफरेजला पीकेएचा सायक्लिक एएमपी पकडणारा भाग जोडलेला असतो, पातळी वाढली की उजेड वाढतो. फ्रेट सेन्सरमध्ये एपॅक प्रथिनाच्या दोन्ही बाजूंना दोन रंगांची चमकणारी प्रथिनं असतात. सायक्लिक एएमपी चिकटलं की ती एकमेकांपासून लांब जातात आणि फ्रेट, म्हणजे एकीकडून दुसरीला थेट मिळणारी ऊर्जा, घटतं. एकाच पेशीत पातळी वर-खाली होताना पाहायची तर याला तोड नाही.

पातळीबरोबर प्रतिसादही मोजा, आणि दोन आलेख शेजारी ठेवा. प्रतिसाद आधी आणि सायक्लिक एएमपी नंतर, असं दिसलं तर दुसरी कसोटी फसली. मात्रेचंही तसंच. ज्या मात्रेला प्रतिसाद मिळतो त्या मात्रेला पातळीत काहीतरी हालचाल दिसायला हवी. पीकेए पूर्ण चालू व्हायला थोडंच सायक्लिक एएमपी पुरतं, म्हणून दोन्ही आलेख तंतोतंत एकावर एक बसतीलच असं नाही. प्रतिसादाचा आलेख थोडा डावीकडे सरकलेला असणं स्वाभाविक आहे.

पायरी ४: फोर्स्कोलिन, म्हणजे मुलुंडची देणगी

जगातल्या प्रत्येक सिग्नलिंग प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये सापडणाऱ्या या रेणूचा जन्म मुंबईचा आहे. मुलुंडला हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे १९७० च्या दशकात भारतीय वनस्पतींतून रक्तदाब आणि हृदयावर काम करणारे रेणू शोधणं चालू होतं. त्यात कोलियस फोर्स्कोहली या तुळशीच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळांतून एक डायटर्पीन मिळालं. १९७७ साली त्याची रचना छापून आली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर स्वतंत्र काम चालू होतं. तिथल्या रेणूला कोलिओनॉल नाव पडलं, आणि तो फोर्स्कोलिनच असल्याचं नंतर स्पष्ट झालं. गुजरातेत याच वनस्पतीच्या मुळांचं, गरमरचं, लोणचं घालतात. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं की फोर्स्कोलिन रिसेप्टरला न विचारता थेट ॲडेनिलिल सायक्लेजवर बसून ते चालू करतं.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की रिसेप्टर आणि जी प्रथिन दोन्ही वगळून थेट सायक्लिक एएमपी वाढवायची किल्ली हातात आली. साधारण १० मायक्रोमोलरपासून सुरुवात करा. फोर्स्कोलिन पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओ या द्रावकात साठवावं लागतं. म्हणून तेवढंच डीएमएसओ दिलेल्या पेशींचा कंट्रोल हवाच.

आता सावधगिरी. फोर्स्कोलिन काही आयन-मार्गांवरही थेट परिणाम करतं, त्यात सायक्लिक एएमपीचा काही संबंध नसतो. यासाठी १,९-डायडिऑक्सिफोर्स्कोलिन नावाचा जुळा मिळतो. तो सायक्लेजला हात लावत नाही, पण बाकीचे उपद्व्याप करतो. त्यानेही तोच परिणाम दिसला तर तुमचा निष्कर्ष बाद. विद्युत-प्रवाह मोजणाऱ्यांनी तर हा कंट्रोल वगळूच नये. शिवाय पेशीपटलातल्या नऊ प्रकारच्या सायक्लेजांपैकी नववा प्रकार फोर्स्कोलिनला जवळपास दाद देत नाही. पेशीद्रवात असणारं, बायकार्बोनेटने चालू होणारं विरघळतं सायक्लेजही देत नाही. शुक्रजंतूंवर काम करत असाल तर हे दुसरं विशेष लक्षात ठेवा, तिथला कारभार मुख्यत्वे त्याच्याकडे आहे.

फोर्स्कोलिनचा आणखी एक उपयोग फारसा शिकवला जात नाही. तुमचं संप्रेरक सायक्लिक एएमपी *कमी* करत असेल, तर मुळातली पातळीच इतकी खाली असते की घट मोजता येत नाही. अशा वेळी आधी फोर्स्कोलिनने पातळी उचला आणि मग संप्रेरकाने ती किती खाली येते ते पाहा. जीआयशी जोडलेल्या रिसेप्टरांचा अभ्यास असाच होतो.

पायरी ५: मोडणारं एन्झाइम रोखा

मोरी उघडी असलेल्या टाकीत नळ सोडला तर पाण्याची पातळी नळ आणि मोरी दोन्हींवर ठरते. सायक्लिक एएमपीचंही तसंच आहे. मोरीचं काम फॉस्फोडायएस्टरेज करतं: सायक्लिक एएमपीचं कडं एका बाजूने उघडून साधं एएमपी बनवतं. या एन्झाइमांची ११ कुळं आहेत. त्यांतली चौथं, सातवं आणि आठवं कुळ फक्त सायक्लिक एएमपी मोडतं. पाचवं, सहावं आणि नववं फक्त सायक्लिक जीएमपी मोडतं, आणि बाकीची दोन्ही.

सुरुवातीला बहुतेक कुळांना रोखणारं आयबीएमएक्स वापरा, ०.१ ते ०.५ मिलिमोलर, संप्रेरकाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. तिसरी कसोटी म्हणते की संप्रेरकाचा परिणाम आता वाढला पाहिजे. वाढला तर पुढे बारकाईने पाहा: रोलिप्रॅमने चौथं कुळ रोखा, सिलोस्टॅमाइडने तिसरं. हृदयात आणि श्वासनलिकेत ही दोन कुळं फार महत्त्वाची आहेत. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजारासाठीचं रोफ्लुमिलास्ट चौथ्याला रोखतं, तर हृदय निकामी होताना शिरेतून देतात ते मिल्रिनोन तिसऱ्याला.

आयबीएमएक्सच्या दोन खोड्या आहेत. आठव्या आणि नवव्या कुळाला ते रोखत नाही, आणि ॲडेनोसिनच्या रिसेप्टरांवर मात्र बसतं. कॅफीन आणि थिओफिलिन त्याचेच नातेवाईक. कॉफीने तरतरी येते ती सायक्लिक एएमपी मोडणं थांबल्यामुळे, असं अनेक जुन्या नोट्समध्ये लिहिलेलं असतं. पण एक-दोन कपांतून रक्तात जेवढं कॅफीन पोहोचतं तेवढ्याने फॉस्फोडायएस्टरेज फारसं रोखलं जात नाही. तरतरी येते ती मुख्यतः ॲडेनोसिनचे रिसेप्टर अडवल्याने.

पायरी ६: बाहेरून द्या

साधं सायक्लिक एएमपी विद्युतभारित असल्याने पेशीपटल ओलांडत नाही, म्हणून त्याला वेष बदलून पाठवावं लागतं. डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी आणि ८-ब्रोमो सायक्लिक एएमपी हे दोन वेष सर्वांत रुळलेले आहेत. डायब्युटिरिल पेशीत गेल्यावर ब्युटिरेट सोडतं, आणि ब्युटिरेट हिस्टोन डीॲसिटिलेज रोखून जनुकांची अभिव्यक्ती स्वतःच बदलतं. तुमचा प्रतिसाद जनुकांशी निगडित असेल तर सोडियम ब्युटिरेटचा कंट्रोल ठेवा, किंवा सरळ ८-ब्रोमो वापरा.

पायरी ७: निरोप वाचला कुणी?

इथे अजूनही बरेच जण 'पीकेए' लिहून मोकळे होतात. सायक्लिक एएमपी वाचणारे निदान तीन आहेत.

पहिलं पीकेए: दोन नियामक आणि दोन कामकरी तुकड्यांची जोडणी. प्रत्येक नियामक तुकड्यावर दोन, म्हणजे एकूण चार सायक्लिक एएमपी बसले की कामकरी तुकडे मोकळे होऊन प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवू लागतात. दुसरं एपॅक, १९९८ मध्ये समोर आलेलं, जे रॅप नावाच्या लहान जी प्रथिनाला चालू करतं आणि ज्याला फॉस्फेटशी देणंघेणं नाही. तिसरे आयन-मार्ग: नाकातल्या गंधपेशींत सायक्लिक एएमपी थेट मार्गाला चिकटून तो उघडतं. हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या सायनस गाठीतल्या एचसीएन मार्गांनाही ते थेट चिकटतं. १९९१ साली डिफ्रान्सेस्को आणि टोर्टोरा यांनी कायनेजशिवाय हे घडतं असं दाखवलं.

वेगळं कसं करायचं? पीकेए रोखायला बहुतेक जण एच-८९ घेतात. स्वस्त आहे, पेशीत सहज जातं, आणि त्यावर एकट्यावर विसंबलेला निष्कर्ष मी तरी मानत नाही. ते आरओसीके, एस६के१ आणि एमएसके१ या कायनेजांनाही रोखतं. यातला एमएसके१ विशेष घातक, कारण क्रेब या जनुक-नियंत्रक प्रथिनाच्या १३३ क्रमांकाच्या सेरिनवर पीकेएप्रमाणे तोही फॉस्फेट लावतो. म्हणजे एच-८९ ने फॉस्फो-क्रेब घटलं, यावरून पीकेए सिद्ध होत नाही. पीकेआय हे पेशीतलंच नैसर्गिक अवरोधक, त्याचा मिरिस्टॉइल जोडलेला पेप्टाइड वापरा. तो पीकेएपुरता बराच काटेकोर आहे. दोन्ही वापरून निकाल सारखा आला तर उत्तम.

पीकेए खरंच चालू झालं का, हे पाहायला वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फो-व्हॅस्प, म्हणजे १५७ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट लागलेलं व्हॅस्प प्रथिन, हा सोयीचा पुरावा आहे: फॉस्फेट लागल्यावर प्रथिनाची पट्टीच वर सरकते. एपॅकसाठी ८-पीसीपीटी-२-ओ-मिथिल सायक्लिक एएमपी वापरा, तो एपॅकला चालू करतो आणि पीकेएला जवळपास शिवत नाही.

पायरी ८: दोन विषं, दोन जी प्रथिनं

जीएस की जीआय, हे ठरवायला जिवाणूंची विषं लागतात. कॉलऱ्याचं विष जीएसच्या आर्जिनिनवर एडीपी-रायबोज चिकटवतं. जीटीपी तोडून स्वतःला बंद करायची त्या प्रथिनाची क्षमता जाते आणि सायक्लेज अखंड चालू राहतं. डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष जीआयच्या सिस्टिनवर तेच करतं. त्यामुळे जीआय रिसेप्टरशी बोलूच शकत नाही. म्हणून हे विष दिल्यावर संप्रेरकाचा परिणाम गेला, तर तो जीआय किंवा त्याच्या भावंडांमार्फत होता. ते रात्रभर ठेवावं लागतं, अर्ध्या तासात काही दिसत नाही. कॉलऱ्याचं विषही पेशीच्या आत लांबचा प्रवास करून मग काम सुरू करतं, तेव्हा सुरुवातीची शांतता म्हणजे अपयश समजू नका.

कॉलऱ्यात माणूस काही तासांत कोरडा का पडतो, हे या साखळीवरून सरळ उलगडतं. शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून, त्यात जिवाणूविरहित गाळलेलं द्रव घालून १९५९ मध्ये दाखवलं की विष आतड्यातूनच काम करतं. आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी चढतं, पीकेए सीएफटीआर या क्लोराइडच्या मार्गावर फॉस्फेट लावतं, क्लोराइड बाहेर पडतं, पाठोपाठ सोडियम आणि पाणी. जुलाब तासाला लिटरपर्यंत जाऊ शकतात. पण ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत खेचणारा वाहक या गोंधळात शाबूत राहतो. ओआरएस त्याच वाहकाच्या जिवावर चालतं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल असे जोडीने येतात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर माणसं वाचवली. सायक्लिक एएमपीला त्यांनी हात लावला नाही, त्याला वळसा घातला.

पायरी ९: कुठे?

वरच्या सगळ्या कसोट्या पार झाल्या तरी एक कोडं उरू शकतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हृदयस्नायूवर असं दिसलं, की आयसोप्रोटेरेनॉल आणि प्रोस्टाग्लँडिन ई-१ दोन्हींनी सायक्लिक एएमपी वाढतं, पण ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज फक्त पहिल्यानेच चालू होतं. पेशीभरची सरासरी एकसारखी आणि परिणाम निराळे.

याचा खुलासा असा, की सायक्लिक एएमपी पेशीभर मोकाट पसरत नाही. अँकर प्रथिनं, म्हणजे एकेएपी, पीकेएला ठरावीक जागी बांधून ठेवतात, आणि त्याच खुंटीला अनेकदा फॉस्फोडायएस्टरेजही बांधलेलं असतं. निरोप जिथे वाचायचा तिथेच पुसायची सोय. एलायझाला हे दिसत नाही, कारण त्यासाठी पेशी फोडल्या की सगळे कोपरे एक होतात. इथे फ्रेट सेन्सर पेशीपटलाशी, केंद्रकाशी किंवा एखाद्या एकेएपीशी जोडून वापरावा लागतो. तेवढी सोय नसेल तर एसटी-एचटी-३१ हा पेप्टाइड पीकेएला खुंटीवरून सोडवतो. सायक्लिक एएमपी तेवढंच राहून प्रतिसाद गेला, तर जागा महत्त्वाची आहे एवढं तरी म्हणता येतं.

एक प्रकरण, जिथे चौथी कसोटी अडते

सेमाग्लुटाइडसारख्या मधुमेह-लठ्ठपणावरच्या औषधांमुळे जीएलपी-१ हे आतड्यातलं संप्रेरक सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचा रिसेप्टर जीएसला जोडलेला. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत पहिली कसोटी लावा, पार. दुसरी, पार. आयबीएमएक्सने परिणाम वाढतो, तिसरीही पार. पीकेए आणि एपॅक-२ दोन्ही निरोप वाचतात. आता चौथी: २.८ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये पेशी ठेवा, फोर्स्कोलिन द्या, इन्सुलिन मोजा. फारसं सुटत नाही. या एका निकालावर कुणी लिहील की इन्सुलिन सायक्लिक एएमपीमार्फत सुटत नाही.

तोच प्रयोग १६.७ मिलिमोलर ग्लुकोजमध्ये करा, इन्सुलिन भरभरून येतं. बीटा पेशीत चाप ओढतं ते ग्लुकोज: एटीपी वाढतं, पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत येतं. सायक्लिक एएमपी त्या कॅल्शियमच्या निरोपाला बळ देतं, स्वतः सुरुवात करत नाही. जीएलपी-१ ची औषधं एकटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची शक्यता कमी असते, तेही यामुळेच. तेव्हा चौथी कसोटी लावताना पेशी कोणत्या अवस्थेत आहे ते आधी ठरवा, दोन अवस्थांत प्रयोग करा, आणि अहवालात 'पुरेसं नाही' आणि 'गरजेचं नाही' ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी लिहू नका. पहिल्यासाठी फोर्स्कोलिनचा निकाल लागतो, दुसऱ्यासाठी पीकेआय आणि एपॅक रोखल्याचा.